एक मेची मुदत

एम्पायर स्टेट बिल्डिंगचं नाव निघालं की लोक तिची उंची सांगतात. १०२ मजले, १२५० फूट. मी तिच्या नादी लागलो तो एका तारखेमुळे. या इमारतीचे आर्किटेक्ट विल्यम लॅम्ब यांनी लिहून ठेवलं आहे, की मालकांकडून त्यांना मिळालेल्या अटी मोजक्याच होत्या. खर्चाचा आकडा ठरलेला. खिडकीपासून आतल्या बोळापर्यंत २८ फुटांपेक्षा खोल जागा कुठेही नको, कारण अंधाऱ्या जागेला चांगलं भाडं येत नाही. अशा जागेचे मजले जमतील तितके. बाहेरून चुनखडीचा दगड. आणि १ मे १९३१ला इमारत तयार. म्हणजे कागदावर पहिली रेघ ओढल्यापासून दीड वर्ष.

जगातली सर्वांत उंच इमारत होणार होती ती, आणि अटींमध्ये मजल्यांचा आकडा मोकळा सोडलेला. तारीख मात्र पक्की. हे वाचलं तेव्हा मी एका साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो होतो, आणि आमच्याकडे नेमकं उलट होतं. मजले ठरलेले होते, दुकानांचे नंबर ठरलेले होते, शटरचा रंगसुद्धा ठरला होता. तारीख तेवढी कोणाला माहीत नव्हती.

मी इंजिनिअर नाही. बांधकामाच्या साइटवर बावीस वर्षं स्टोअरकीपर होतो. सिमेंटच्या गोण्या, सळया, खिळे, बाइंडिंग वायर यांची आवक-जावक वहीत मांडायची, हे काम. त्या वह्यांमुळेच मला बांधकामातल्या वेळेचं कुतूहल लागलं. स्टोअरची वही नीट वाचली तर तिच्यात मालापेक्षा वाट पाहणंच जास्त दिसतं. खिडक्यांच्या चौकटी जानेवारीत आल्या, भिंतीत बसल्या जूनमध्ये. मधले पाच महिने त्या शेडच्या मागे गंजत होत्या. दुसऱ्या पानावर, वीस गवंडी दोन दिवस बसून, कारण वाळूची गाडी आली नाही. एका पानावर माल माणसांची वाट पाहतो, दुसऱ्यावर माणसं मालाची. नोकरी सुटल्यावर मिळेल तिथून मिळेल ते वाचत गेलो, आणि पुन्हापुन्हा त्या १ मेच्या तारखेपाशी येऊन थांबलो.

एक मेच का? न्यूयॉर्कमध्ये त्या काळी भाडेकरार १ मेला सुरू व्हायचे आणि ३० एप्रिलला संपायचे. जुनी रूढी होती ती. त्या दिवशी शहरभर सामानाच्या गाड्या फिरत. (आपल्याकडे अकरा महिन्यांच्या कराराची सवय, त्यामुळे आपण वर्षातून केव्हाही जागा बदलतो. आपल्याला १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, तोही १९६०पासूनचा.) या रूढीचा इमारत बांधणाऱ्याला जाच असा, की १ मेला जागा तयार नसेल तर भाडेकरू आपल्या जुन्या जागेचा करार आणखी वर्षभरासाठी वाढवून मोकळा होतो. तीन आठवड्यांचा उशीर म्हणजे बरीचशी इमारत वर्षभर रिकामी. म्हणून व्यापारी इमारतीचं वेळापत्रक जमिनीकडून वर मांडत नाहीत. भाडं सुरू होण्याचा दिवस आधी लिहितात आणि तिथून मागे मोजत येतात.

मागे मोजण्याचं कारण व्याज. आकड्यांसाठी एक उदाहरण घेऊ. दुकानांची इमारत बांधायला कोणी दहा कोटी रुपये वर्षाला बारा टक्क्यांनी उचलले. बांधकाम संपत आलं तेव्हा सगळी रक्कम खर्ची पडलेली, म्हणजे महिन्याला दहा लाख व्याज, आणि भाडं शून्य. पण अगदी सुरुवातीला, नकाशे चालू असताना, उचल झालेली असते फक्त पन्नास लाखांची. तेव्हाचा एक महिना पन्नास हजारांना पडतो. तोच महिना, एकदा पन्नास हजारांचा आणि एकदा दहा लाखांचा. विचार करायला, चौकशीला, भांडायला जो काही वेळ लागायचा तो स्वस्त असताना घ्यावा, हे यातून उघड आहे. माझ्या पाहण्यात मात्र नेहमी उलट झालं. सुरुवातीला नारळ फोडायची घाई, आणि शेवटी, महिना दहा लाखांचा झाल्यावर, सगळं रेंगाळलेलं.

आता न्यूयॉर्कची तारीखवार हकिकत. मालकांमध्ये जनरल मोटर्समधून बाहेर पडलेले जॉन रास्कोब होते आणि न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अल स्मिथ होते. १९२८ची अध्यक्षपदाची निवडणूक ते नुकतेच हरले होते. ऑगस्ट १९२९च्या अखेरीस त्यांनी इमारतीची घोषणा केली. जागेवर वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हे नामांकित हॉटेल उभं होतं. १ ऑक्टोबरला ते पाडायला सुरुवात झाली, आणि तो महिना संपायच्या आत वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार कोसळला.

तेव्हाच काम का थांबवलं नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. मला पटलेलं उत्तर असं: जागा विकत घेऊन झाली होती, हॉटेल पाडायला घेतलं होतं. रिकाम्या जागेवरही कर आणि व्याज चालूच राहतं. फक्त तिथून भाडं कधीच येत नाही. सुरुवातीचा वेळ स्वस्त असतो असं मी वर म्हटलं, ते अशा जागेला लागू नाही. शहराच्या ऐन मध्यावरची जागा घेतल्या दिवसापासून महाग असते. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने २ कोटी ७५ लाख डॉलर कर्ज दिलं आणि काम पुढे गेलं.

२२ जानेवारी १९३०ला खोदाई, १७ मार्चला बांधकामाचा प्रारंभ, ७ एप्रिलला पोलादाचा पहिला खांब. सप्टेंबर संपण्याआधी पोलादी सांगाडा ८६व्या मजल्यापर्यंत पोहोचला, तोही ठरल्यापेक्षा १२ दिवस आधी. १७ मार्च १९३० ते १ मे १९३१ हे दिवस मोजले तर ४१० भरतात. बोलीभाषेत याला आपण जादू म्हणू. पण वेळापत्रक उलगडून पाहिलं तर त्यात जादूपेक्षा हिशेबनीसपणा जास्त सापडतो.

पहिली गोष्ट, एक काम पुरं झाल्यावर दुसरं, ही साखळी त्यांनी ठेवली नाही. हॉटेल पाडलं जात असताना नकाशे चालू होते. खालच्या मजल्यांच्या पोलादाची मागणी कारखान्यांना गेली तेव्हा वरच्या मजल्यांची तपशीलवार चित्रं व्हायची होती. मजल्यांचे गट पाडून प्रत्येक गटापुढे तारखा लिहिल्या होत्या: आर्किटेक्टने माहिती कधी द्यायची, पोलादाची मागणी कधी जायची, कारखान्याची चित्रं कधी व्हायची, माल कधी पोहोचायचा, उभारणी कधी. आर्किटेक्टच्या टेबलालाही तारीख होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे मुकादमाला तारीख असायची. नकाशा कधी येणार हे विचारणं म्हणजे उद्धटपणा.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली, म्हणून जरा रेंगाळतो. या इमारतीला गोदाम नव्हतं. मॅनहॅटनच्या गजबजलेल्या रस्त्यावर ५७ हजार टन पोलाद आणि सुमारे एक कोटी विटा ठेवणार कुठे? पोलाद पिट्सबर्गकडून रेल्वेने न्यू जर्सीतल्या बेयोन इथल्या आवारात यायचं, तिथून पडावांतून पाण्यापलीकडे, मग ट्रकने साइटवर. प्रत्येक तुकड्यावर तो कुठल्या मजल्याचा आणि कुठल्या क्रेनने उचलायचा हे लिहिलेलं असे. ट्रक आला की तुकडा थेट वर. म्हणजे गोदाम होतं, पण नदीपलीकडे, जिथे जागा स्वस्त. रस्त्यावरच्या गाड्यांचं रोजचं वेळापत्रक असे आणि त्याबाहेरच्या गाडीला आत जागा नसे.

विटांचं तर मी पुनःपुन्हा वाचलं. आपल्याकडे विटांची गाडी आली की मागचं फाळकं उघडून ढीग पाडतात. मग बिगारी त्या उचलून रचतात, रचलेल्या उचलून पाट्यांत भरतात, पाट्या वर नेतात. एक वीट भिंतीत बसेपर्यंत पाच-सहा हातांतून जाते, आणि काही वाटेत फुटतात. न्यूयॉर्कमध्ये ट्रकमधल्या विटा घसरगुंडीवरून थेट तळघरातल्या मोठ्या नरसाळ्यांत पडत. नरसाळ्याचं तोंड उघडलं की खाली रुळावरची डबागाडी भरायची. गाडी उचलयंत्राने हव्या त्या मजल्यावर, आणि तिथे मजल्याभोवती घातलेल्या छोट्या रुळांवरून गवंड्याच्या हाताशी. बत्तीस-तेहतीस किलोची पाटी डोक्यावर घेऊन जिने चढणाऱ्या बायका मी रोज पाहायचो. त्या कधी दमल्या म्हणून काम थांबलं असं नाही झालं. पण त्यांचा निम्मा दिवस विटा एका ढिगातून दुसऱ्या ढिगात नेण्यात जायचा, आणि ती मेहनत कुठल्याच भिंतीत नव्हती.

माणसांच्या वेळेचाही असाच विचार होता. इमारत उंच जाऊ लागल्यावर जेवायला खाली उतरणं म्हणजे अर्धा-पाऊण तास उचलयंत्रापाशी रांग. म्हणून चढत्या मजल्यांवर खानावळी चालवल्या. १४ ऑगस्ट १९३०ला साइटवर ३,४३९ माणसं होती, हा त्या कामातला सर्वांत मोठा आकडा. एवढ्या माणसांची दुपार वाचवायची तर स्वयंपाकघर वर चढवणंच स्वस्त.

तिसरी गोष्ट मला सर्वांत हुशारीची वाटते. इमारतीचा बाहेरचा दगड पाहिलात तर खिडक्यांच्या कडेने चकाकत्या धातूच्या उभ्या पट्ट्या वर जाताना दिसतात. बघणाऱ्याला ती शोभा वाटते. पण त्या पट्ट्या दगडाची कडा झाकतात. कडा झाकायची असल्यामुळे दगड घासून, तासून, खिडकीच्या चौकटीशी तंतोतंत जुळवण्याची गरज उरली नाही. दगडवाल्याने दगड लावत जावा, खिडकीवाल्याने खिडकी, दोघांच्या मधली फट पट्टीखाली जाईल. एकाला उशीर झाला तर दुसरा त्याच्यासाठी अडून बसत नाही.

वेळेच्या शास्त्रात याला नंतर नाव मिळालं. १९५७च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी संगणकाच्या मदतीने क्रिटिकल पाथची पद्धत बसवली. कल्पना साधी आहे. कामांची यादी करा, प्रत्येकाला लागणारे दिवस लिहा, आणि कुठलं काम कुठल्या कामाआधी होऊ शकत नाही ते बाणांनी जोडा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणाऱ्या अनेक वाटा तयार होतात. त्यांतली सर्वांत लांब वाट म्हणजे प्रकल्पाची मुदत. त्या वाटेवरचं एक काम एक दिवस लांबलं तर अख्खी इमारत एक दिवस लांबते. बाकीच्या वाटांवरच्या कामांना थोडी सवड असते. गंमत अशी, की साइटवर आरडाओरडा बहुतेक वेळा सवड असलेल्या कामांवरून चालतो, कारण ती डोळ्यांसमोर असतात. लांब वाटेवरचं काम एखाद्या कचेरीतल्या फाइलमध्ये गपगुमान पडून असतं. लॅम्ब यांच्या मंडळींकडे बाणांचे तक्ते नव्हते. धातूची पट्टी लावून त्यांनी दगडकामाला सवड मिळवून दिली, एवढंच.

या वेगाची किंमत काय होती? कंपनीच्या नोंदीप्रमाणे कामावर पाच माणसं मेली. त्या वेळी याहून मोठे आकडेही छापले गेले होते. पाच हा आकडा त्या काळातल्या एवढ्या उंच कामासाठी कमी मानला जातो, आणि तसा मानला जातो हेच वाचताना मला जड गेलं.

१ मे १९३१ला वॉशिंग्टनमध्ये बसून अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी कळ दाबली आणि न्यूयॉर्कमध्ये दिवे लागले. मुदत पाळली गेली. पाच कोटी डॉलरच्या अंदाजाऐवजी खर्च चार कोटी दहा लाखांच्या आत राहिला. मंदीमुळे माल आणि मजुरी दोन्ही उतरली होती. आणि त्याच मंदीमुळे इमारतीचा जेमतेम पाव भाग भाड्याने गेला होता. लोक तिला ‘एम्प्टी स्टेट बिल्डिंग’ म्हणू लागले. वर जाऊन शहर पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटांनी बरीच वर्षं तिला हात दिला. नफ्याचं तोंड दिसायला १९५० उजाडावं लागलं. वेळापत्रकात न्यूयॉर्कचा हिवाळा होता, रस्त्यावरची गर्दी होती. बाजाराचं काय होईल हे कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

तरीही मी ते वेळापत्रक चुकलं असं म्हणणार नाही. १९३२च्या मेपर्यंत रखडली असती तर तीच इमारत रिकामी राहिलीच असती, आणि वर आणखी एका वर्षाचं व्याज.

आपल्या बाजारपेठांना १ मे नाही, पण दिवाळी आहे. कापड, भांडी, सोनं, मोबाइल, कुठल्याही दुकानदाराला विचारा, त्याला ताबा दसऱ्याला हवा असतो, कारण दसरा ते पाडवा या तीन आठवड्यांत वर्षाची मोठी विक्री होते. दिवाळी हुकली की तो म्हणतो, आता पाडव्याला बघू, आणि तो गुढीपाडवा म्हणत असतो. म्हणजे आपलीही मुदत तशीच आहे, तीन आठवड्यांनी पाच महिने खाणारी. दोन बाबतींत मात्र ती जास्त अवघड.

एक, ती तारीख सरकते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला झालं. २०२५ला ते २१ ऑक्टोबरला आलं. तीन आठवड्यांचा फरक. ‘दिवाळीला ताबा’ असं करारात लिहिणारे किती जण त्या वर्षीचं पंचांग उघडून बघतात?

दुसरी अडचण पावसाची. दिवाळीपासून मागे मोजायला लागलं की पहिले चार महिने पावसाचेच लागतात. हवामान खात्याने २०२० साली पावसाच्या सरासरी तारखा सुधारल्या, त्यांत मुंबईला पाऊस येण्याची तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर धरली आहे. २१ ऑक्टोबरची दिवाळी असेल तर मधे कोरडे दिवस तेराच. बाहेरचा गिलावा, रंग, समोरचं फरसबंदीचं आवार ही कामं तेरा दिवसांत होत नाहीत. तेव्हा इमारतीचा सांगाडा, भिंती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा गिलावा हे सगळं मेअखेर उरकायला हवं, म्हणजे पावसात आत बसून फरशी, वायरिंग, सुतारकाम करता येतं. मेअखेरीस वर छप्पर हवं असेल तर पाया आदल्या दसऱ्याच्या सुमारास खोदायला हवा.

मधल्या काळात घाई किती करता येते याला काँक्रीटची हद्द आहे. एम्पायर स्टेटचं पोलाद बोल्ट-रिव्हेट मारले की भार घ्यायला तयार. आपल्याकडे बहुतेक इमारती काँक्रीटच्या, आणि काँक्रीटला मुरायला दिवस लागतात. आयएस ४५६ या भारतीय मानकात नेहमीच्या सिमेंटसाठी, विशेष हिशेब केला नसेल तर, किमान मुदती दिल्या आहेत. कॉलमच्या बाजूच्या फळ्या १६ ते २४ तासांनी काढता येतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून रुंद असेल तर १४ दिवस. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. दुकानांच्या इमारतीत मोकळी जागा हवी म्हणून बीम लांब असतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी २१. शिवाय पाणी मारणं किमान ७ दिवस, मिश्र सिमेंट असेल तर १०.

फराळाच्या दिवसांत हे समजावणं सोपं आहे. लाडू वळायला पाच जण बसले की काम पाचपट लवकर उरकतं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजावेच लागतात, आणि पाच जण पातेल्याभोवती बसले म्हणून ते एका दिवसात भिजत नाहीत. वेळापत्रक करणाऱ्याने आधी लाडू कुठले आणि अनारसे कुठले हे वेगळं काढायचं असतं. लाडवांना माणसं वाढवा. अनारशांसाठी सेंट्रिंगचे दोन-तीन संच घ्या, म्हणजे खालचे टेकू तसेच ठेवून वरचा मजला बांधता येतो. त्यात भाड्याचा खर्च वाढतो, तो वाचवायला लोक टेकू लवकर काढतात. स्लॅब कोसळल्याच्या बातम्यांत कारण म्हणून ‘निकृष्ट बांधकाम’ असं येतं. मी पाहिलेल्या एका प्रसंगी सिमेंट चांगलं होतं, सळई चांगली होती, नवव्या दिवशी टेकू दुसऱ्या साइटला नेले होते. सुदैवाने दुपारची जेवणाची सुट्टी होती.

आता ज्या शेडमध्ये बसून मी लॅम्ब यांच्या अटी वाचल्या, त्या साइटविषयी. गाव, मालक यांची नावं सांगत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी तळघर आणि वर चार मजले, खाली दुकानं. भूमिपूजन अक्षय्य तृतीयेला. मुहूर्त उत्तम, साडेतीनांतला एक. पण तो येतो एप्रिल-मेमध्ये, म्हणजे खोदायला सर्वांत वाईट वेळी. पूजेच्या तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. तळघराचा खड्डा मेअखेर तयार झाला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरला. वरचा सहा फूट थर काळ्या मातीचा. तिच्या बाजू आत ढासळल्या, शेजारच्याची कंपाउंडची भिंत घेऊन. चार महिने पंप चालू. सिमेंटचा भाव वाढणार म्हणून मालकांनी चारशे गोण्या आधीच भरून ठेवल्या होत्या. दसऱ्याला मी शेड उघडलं तेव्हा खालच्या थरांचे दगड झाले होते. त्या गोण्यांची नोंद माझ्याच हातची आहे.

दुसऱ्या वर्षी इमारत उभी राहिली. गणपतीत दुकानांना रंग लागला, आणि सगळ्यांना वाटलं की आता होतंय. तेव्हा कळलं की लिफ्टची मागणीच पाचवा स्लॅब भरल्यावर गेली होती. लिफ्ट आली नाही, म्हणून तिची तपासणी नाही, परवाना नाही. आमच्या तिथे त्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्राची फाइल हलेना, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून एका बँकेने घेतलेल्या पहिल्या मजल्याचं भाडं सुरू होईना. वर लिहिलेली सर्वांत लांब वाट ती हीच. ती खड्ड्यातून जात नव्हती, कोणी न लिहिलेल्या एका पत्रातून जात होती. लिफ्टची मागणी खड्डा खोदताना दिली असती तर पावसाळा वाया गेला तरी ती वेळेत आली असती. तेव्हाचा महिनाही स्वस्त होता.

गाळा घेतलेल्यांत एक शिंपी होते. बाकीच्या दुकानदारांची दिवाळी दसऱ्याला सुरू होते, शिंप्याची गणपतीतच. त्यांनी आमच्या मालकांच्या शब्दावर श्रावणात जुनी जागा सोडली. दिवाळीच्या ऐन हंगामात त्यांच्या दोन मशिनी एका नातेवाइकाच्या ओसरीवर होत्या, आणि गिऱ्हाइकांना तो पत्ता माहीत नव्हता. ते रोज संध्याकाळी साइटवर येत, माझ्या शेडपाशी उभे राहून विचारत, “भाऊ, किती दिवस?” माझ्याकडे आवक-जावक वही होती. तिच्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मध्यंतरी ओळखीतला एक तरुण बिल्डर आला होता. तालुक्याच्या गावी तळघर आणि वर चार मजले, खाली वीस दुकानं. भूमिपूजन २०२७च्या अक्षय्य तृतीयेला, ९ मे. उद्घाटन २०२८च्या दिवाळीत. मी दिवस मोजले. ९ मे २०२७ ते १७ ऑक्टोबर २०२८, कारण त्या वर्षी लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरलाच आहे. ५२७ भरले. एम्पायर स्टेटपेक्षा ११७ जास्त, असं तो मोबाइलवर बघून खुशीने म्हणाला. मी म्हटलं, त्यातून दोन पावसाळे काढ. आणि २०२८चा दसरा सप्टेंबरात आहे, भर पावसात, त्याच्याआधी पितृपक्ष. दुकानदार ताबा मागतील तो त्यातच.

“मग काय करू, काका?”

“पूजा अक्षय्य तृतीयेलाच कर. खोदाई कर दसऱ्याला, ९ ऑक्टोबर २०२७. मधले पाच महिने नकाशे पुरे करून घे, मंजुऱ्या घे, लिफ्ट आणि ट्रान्सफॉर्मरची मागणी दे. कर्जाची मोठी उचल तोवर करू नकोस. दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत पावणेआठ महिने मिळतात. सेंट्रिंगचे तीन संच घेतलेस तर पाच स्लॅब आणि बाहेरचा गिलावा बसतो त्यात.”

त्याने ते कागदावर लिहून घेतलं. मग पेन बंद करून थोडा वेळ गप्प बसला.

“पूजा झाल्यावर पाच महिने जागा तशीच दिसली तर लोक बुकिंग काढून घेतील, काका. निदान खड्डा तरी दिसायला हवा.”